एलिझाबेथ पहिली: लग्न न केलेल्या राणीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही कुठली एलिझाबेथ? २०२२ ला गेली ती का?

नाही हो, ती दुसरी. तिला नवरा होता, चार मुलं होती. ही पहिली. जन्म ७ सप्टेंबर १५३३, गादीवर बसली १७ नोव्हेंबर १५५८ ला म्हणजे वयाच्या २५ व्या वर्षी, आणि वारली २४ मार्च १६०३ ला. ४४ वर्षं राज्य केलं आणि शेवटपर्यंत बिनलग्नाची राहिली. राज्य फक्त इंग्लंड आणि आयर्लंडचं, स्कॉटलंड तेव्हा वेगळं होतं, तिथे मेरी स्टुअर्ट. तिचं नाव पुढे येईलच.

लग्न का नाही केलं? एका वाक्यात सांगा ना.

एका वाक्यात सांगणारे खूप भेटतील. कोणी म्हणतं आईमुळे, कोणी म्हणतं तिच्या लाडक्या दरबारी सरदारामुळे, रॉबर्ट डडलीमुळे, कोणी म्हणतं देशासाठी त्याग केला. माझं मत विचाराल तर "मी लग्न करणार नाही" असं तिने एकदा बसून ठरवलं असं काही दिसतच नाही. तिने तो प्रश्न २० वर्षांच्या वर लोंबकळत ठेवला कारण लोंबकळत ठेवण्यात फायदा होता, आणि शेवटी वय उलटून गेल्यावर जे उरलं त्याचीच मोठी कहाणी बनवली गेली, काही तिने बनवली काही दुसऱ्यांनी.

आईचं तसं झालं म्हणून लग्नाची धास्ती बसली, हे खरं का?

तिच्या डोक्यात शिरून कोणी पाहिलेलं नाही. पण घडलं काय ते बघा. आई ॲन बोलिन, तिचं डोकं उडवलं १९ मे १५३६ ला, आणि तेही वडिलांच्या, आठव्या हेन्रीच्या हुकमाने. पोरगी तेव्हा पावणेतीन वर्षांचीही नव्हती. लगेच तिला अनौरस ठरवून टाकलं. तिला सांभाळणाऱ्या लेडी ब्रायनने त्याच वर्षी दरबारात पत्र लिहिलंय की पोरीला अंगावर घालायला धड कपडे नाहीत, झगा नाही, परकर नाही, रुमाल सुद्धा नाहीत. राजाची मुलगी बरं का. मग १५४२ मध्ये सावत्र आई कॅथरिन हॉवर्ड, ती ॲन बोलिनची मामेबहीण, तिचंही तेच. एलिझाबेथ तेव्हा ८ वर्षांची. आणि पुढे १५६६ मध्ये रॉबर्ट डडलीने फ्रेंच वकिलाला (म्हणजे राजदूताला) सांगितलं की ही ८ वर्षांची असल्यापासून म्हणत आलीय, मी कधी लग्न करणार नाही. आता डडली काही तटस्थ साक्षीदार नव्हता, पण लहानपणापासून तिला ओळखणारा होता.

थॉमस सीमोर प्रकरण काय होतं?

हे वाचताना मला आजही राग येतो. हेन्री गेल्यावर एलिझाबेथ शेवटची सावत्र आई कॅथरिन पार हिच्याकडे चेल्सीला राहायची, वय १४. पारने थॉमस सीमोरशी लग्न केलं, वय चाळिशीकडे झुकलेलं. हा माणूस सकाळी सकाळी मुलीच्या झोपायच्या खोलीत शिरायचा, अंगाशी यायचा, चापट्या मारायचा. एकदा बागेत त्याने तिच्या झग्याच्या चिंध्या चिंध्या केल्या आणि कॅथरिन पारने तिला धरून ठेवलं होतं. हे सगळं आपल्याला कळतं ते तिची दाई-शिक्षिका कॅट ॲशलीच्या जबानीतून. जुन्या पुस्तकांत याला "पहिलं प्रेम" वगैरे म्हटलेलं सापडतं. १४ वर्षांच्या मुलीचं कसलं प्रेम!

पुढे कॅथरिन बाळंतपणात गेली, सीमोरने एलिझाबेथशी लग्नाचा घाट घातला, त्यात तो राजद्रोहात अडकला आणि मार्च १५४९ मध्ये त्याचं डोकं गेलं. एलिझाबेथची कसून उलटतपासणी झाली, कॅट ॲशलीला टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं, बाहेर बोभाटा की राजकन्येला दिवस गेलेत. तर या १५ वर्षांच्या मुलीने राज्याचा कारभार बघणाऱ्या सॉमरसेटला सरळ पत्र लिहिलं की लोक जे बोलतायत ती निर्लज्ज बदनामी आहे, मला दरबारात येऊ द्या म्हणजे मी जशी आहे तशी सगळ्यांना दिसेन. आपलं शरीर म्हणजे सरकारी चौकशीचा विषय आहे हे तिला तेव्हाच कळलं असणार.

पण राणीने लग्न केलं असतं तर बिघडलं काय असतं?

परदेशी राजा केला तर देश त्याच्या लढायांत ओढला जाणार, आणि घरचा सरदार केला तर बाकीचे सरदार जळून उठणार. हे नुसतं पुस्तकी नाही, तिच्या डोळ्यासमोर घडलेलं आहे. थोरली सावत्र बहीण मेरी ट्यूडर, हिच्या आधीची राणी, १५५४ मध्ये स्पेनच्या फिलिपशी लग्न करायला निघाली तर वायटचं बंड झालं, आणि त्या संशयात एलिझाबेथलाच टॉवरमध्ये दोन महिने डांबलं. मेरीला दिवस गेले असं सगळीकडे जाहीर झालं, पाळणा तयार, आणि निघालं काहीच नाही. वर नवऱ्याच्या युद्धात पडून १५५८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं कॅले हातचं गेलं.

आणि दुसरी मेरी, स्कॉटलंडची. तिने १५६५ मध्ये डार्नलीशी लग्न केलं, १५६७ मध्ये त्याचा खून झाला, तीन महिन्यांत ज्याच्यावर खुनाचा संशय त्या बॉथवेलशीच लग्न केलं, आणि त्याच वर्षी गादी गेली. आगीतून फुफाट्यात. दोन मेऱ्या बघून कोणीही कानाला खडा लावला असता.

बरं, मुद्द्याचं बोला. डडलीबरोबर अफेअर होतं का?

सगळे याच प्रश्नासाठी येतात, माहितीये. प्रेम होतं, याबद्दल मला शंका नाही. शरीरसंबंध होते का, याला पुरावा नाही आणि मिळणारही नाही.

गादीवर आल्या आल्या तिने त्याला अश्वशाळेचा प्रमुख केलं. ऐकायला साधं वाटतं, पण राणी जिथे घोड्यावरून जाईल तिथे मागे हा असणारच अशी ती जागा. तिने त्याचं लाडाचं नाव ठेवलं होतं "डोळे", आणि तो पत्रात सहीच्या जागी दोन गोल काढून वर भुवया काढायचा. १५६४ मध्ये त्याला लेस्टरचा अर्ल केला तेव्हा तो गुडघ्यावर बसलेला, भर समारंभ, आणि राणीने त्याच्या मानेला हळूच गुदगुल्या केल्या. स्कॉटलंडचा वकील मेलविल शेजारीच उभा होता, त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. याच मेलविलला तिने आपल्या झोपायच्या खोलीत नेऊन एक छोटं कपाट उघडून दाखवलं, आत कागदात गुंडाळलेली लहान लहान चित्रं, आणि एका पुडीवर तिच्या हातचं लिहिलेलं "माझ्या लॉर्डचं चित्र". उघडून बघतो तर डडली. मेलविलने ते आमच्या राणीला द्या म्हणून मागितलं, हिने दिलं नाही. आणि गंमत म्हणजे तेव्हा हीच बाई डडलीचं स्थळ मेरी स्टुअर्टला सुचवत होती!

ऑक्टोबर १५६२ मध्ये हॅम्प्टन कोर्टला तिला देवी आल्या, वाचत नाही अशी वेळ आली. तेव्हा तिने मंत्र्यांना सांगितलं की डडलीला राज्याचा रक्षक नेमा, माझं त्याच्यावर प्रेम आहे पण देवाला स्मरून सांगते आमच्यात काही अनुचित झालं नाही. मरणाच्या दारात त्या काळातली बाई खोटी शपथ घेईल असं मला वाटत नाही. शंका काढणारे म्हणतात की त्याच वेळी तिने डडलीच्या खोलीत झोपणाऱ्या नोकराला वर्षाला ५०० पौंड लावून द्यायला सांगितले ते का. घ्या, चघळत बसा.

त्याच्या बायकोचा खून झाला होता ना?

बायको एमी रॉबसार्ट, ८ सप्टेंबर १५६० ला कम्नर प्लेसमध्ये जिन्याच्या पायथ्याशी मेलेली सापडली, मान मोडलेली. डडली तेव्हा राणीबरोबर विंडसरला. चौकशीत अपघात असाच निकाल लागला. पण लोकांचं तोंड कोण धरणार, युरोपभर बोभाटा झाला की राणीशी लग्न करायला याने बायको संपवली. खरं बघायला गेलं तर या मरणाने डडलीचं नुकसानच झालं, कारण बायको आजाराने गेली असती तर तो मोकळा होता, आता राणीने त्याच्याशी लग्न केलं असतं तर खुनाचा डाग तिच्याही अंगावर आला असता. विधुर झाला आणि त्याच दिवशी स्थळ मोडलं.

मग त्याने पुढे काय केलं?

१८ वर्षं वाट बघितली. १५७५ मध्ये केनिलवर्थच्या वाड्यात १९ दिवस राणीची सरबराई केली, आतषबाजी, नाटकं, तळ्यातले देखावे, पाण्यासारखा पैसा. काही हाती लागलं नाही. मग १५७८ मध्ये लेटिस नोलिसशी गुपचूप लग्न. लेटिस ही राणीच्याच आजोळच्या नात्यातली. राणीला कळल्यावर जो भडका उडाला तो लेटिससाठी कधी विझला नाही, तिला दरबाराचं दार बंद झालं ते झालंच. डडलीला मात्र काही काळाने माफी. नेहमीचंच.

तिचं खासगी आयुष्य नेमकं कसं होतं?

खासगी असं काही नव्हतंच, हेच तर उत्तर आहे. रात्री खोलीत एकटी झोपत नव्हती, कोणीतरी बाई जवळ असायचीच. कपडे चढवायला बायका, उतरवायला बायका, राणीने काय खाल्लं, कशी झोपली, सगळं कोणा ना कोणाला माहीत. परदेशी वकील तर तिची पाळी नियमित आहे का याचीही माहिती काढायचे, कारण वारस होणार की नाही यावर युरोपचं राजकारण अडलेलं. १५७९ मध्ये ती ४५ वर्षांची असताना तिच्या मुख्य मंत्र्याने, विल्यम सेसिलने, तिला मूल होऊ शकेल असा हिशोब कागदावर मांडलाय. मंत्रिमंडळाच्या कागदात राणीचं गर्भाशय! स्वतः तिनेही स्पॅनिश वकिलाला सुनावलं होतं की माझं आयुष्य इतकं उघड्यावर चाललंय, इतके साक्षीदार आहेत, तरी लोक असलं बोलतात कसं.

जवळची माणसं मात्र पक्की होती. कॅट ॲशली, ब्लँच पॅरी, आयुष्यभर तिच्याबरोबर. मेरी सिडनी, डडलीची बहीण, तिने देवीच्या आजारात राणीची सेवा केली आणि स्वतःला देवी येऊन चेहरा विद्रूप झाला. राणीचा चेहरा त्यामानाने वाचला.

तिला गुपचूप मूल होतं म्हणतात. ती मुळात पुरुष होती असंही वाचलं.

१५८७ मध्ये आर्थर डडली नावाचा एक जण स्पेनमध्ये उगवला, म्हणे मी राणी आणि लेस्टरचा मुलगा. कोणी सिद्ध करू शकलं नाही. पुरुष होती ही बिस्ली गावची दंतकथा, राजकन्या लहानपणीच मेली आणि जागी मुलगा ठेवला. वर सांगितलं ना किती डोळे तिच्यावर होते, धोबिणीला सुद्धा कळलं असतं. पुढे.

स्थळं किती आली?

मोजत बसत नाही. बहिणीचा नवरा फिलिप (हो, मेव्हणाच), स्वीडनचा एरिक, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स, फ्रान्सचे एकामागून एक भाऊ. कोणालाच तिने धड हो म्हटलं नाही आणि धड नाहीही म्हटलं नाही. बोलणी चालू आहेत तोवर तो देश हल्ला करत नाही, हे साधं गणित. ताकास तूर लागू द्यायची नाही.

पण शेवटचं स्थळ वेगळं होतं. फ्रान्सचा आंजूचा ड्यूक फ्रान्सिस, तिच्यापेक्षा २१ वर्षांनी लहान, तोंडावर देवीचे व्रण. १५७९ मध्ये स्वतः भेटायला आला, बाकीच्यांनी बहुतेक वकीलच पाठवलेले. ती त्याला लाडाने "बेडूक" म्हणायची. यावेळी लोकच खवळले, प्रोटेस्टंट इंग्लंडच्या राणीला कॅथलिक फ्रेंच नवरा नको. जॉन स्टब्स नावाच्या माणसाने विरोधात पुस्तिका काढली तर राणीने त्याचा आणि प्रकाशकाचा उजवा हात भर चौकात तोडायला लावला. स्टब्सने हात तुटल्यावर डाव्या हाताने टोपी काढून राणीचा जयजयकार केला आणि बेशुद्ध पडला. जमलेली गर्दी चिडीचूप. तिच्या गोड प्रतिमेवर लट्टू असणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

नोव्हेंबर १५८१ मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या दालनात सगळ्यांसमोर तिने ड्यूकच्या ओठांवर ओठ टेकले, बोटातली अंगठी काढून त्याला दिली, आणि फ्रेंच वकिलाला म्हणाली लिही तुझ्या राजाला, हाच माझा नवरा होणार. रात्रभर तिच्या खोलीतल्या बायका रडत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी शब्द मागे. हे नाटक होतं का खरं? मला वाटतं त्या एका संध्याकाळी तिला स्वतःलाही माहीत नसावं. ड्यूकला मग नेदरलँड्सच्या लढाईसाठी पैसे देऊन वाटेला लावलं, १५८४ मध्ये तो वारला आणि स्थळं बघण्याचा कार्यक्रम कायमचा संपला.

मग "कुमारी राणी" ही इमेज कधीपासून?

लोकांना वाटतं पहिल्या दिवसापासून. तसं नाही. १५५९ मध्ये पार्लमेंटने लग्न करा म्हणून अर्ज केला तेव्हा ती म्हणाली होती खरी, की माझ्या थडग्यावर "राणी कुमारी जगली आणि कुमारी मेली" असं लिहिलं तरी मला पुरे, पण त्याच भाषणात देवाने मन वळवलं तर लग्न करेनही असंही होतं. १५६६ मध्ये पुन्हा मागे लागले तेव्हा चांगलीच तडकली, की मला नेसत्या परकरावर राज्याबाहेर हाकललंत तरी मी कुठेही पोट भरून राहीन, जबरदस्तीने मला काही करायला लावता येणार नाही.

कुमारी म्हणून उघड आरत्या ओवाळणं सुरू झालं ते साधारण १५७८ मध्ये, नॉरिचला तिच्या स्वागताच्या कार्यक्रमांत, म्हणजे फ्रेंच ड्यूकची बोलणी रंगात येत असताना. याचा अर्थ लक्षात घ्या, ज्यांना ते लग्न नको होतं त्यांना तिच्या कौमार्याचे गोडवे गायचे होते. इमेज आधी तिच्यावर लादली गेली, मग तिने ती अशी अंगी बाणवली की बघत राहावं. डायना, चंद्रदेवी, काय काय नावं. १७ नोव्हेंबरला राज्यारोहणाचा दिवस म्हणून घंटा वाजायच्या, सरदार तिच्यासमोर भाल्यांच्या झुंजी खेळायचे. अमेरिकेतल्या वसाहतीला व्हर्जिनिया नाव पडलं तेही यातूनच.

चित्रांमध्ये इतके मोती, चाळणी, काय भानगड?

मोती म्हणजे पावित्र्य. चाळणी का, तर रोमन कथेत तुक्किया नावाच्या पुजारिणीने आपलं कौमार्य सिद्ध करायला चाळणीतून पाणी वाहून नेलं होतं. आणि १६०० च्या आसपासचं इंद्रधनुष्याचं चित्र बघाच, झग्यावरच्या वस्त्रावर सगळीकडे डोळे आणि कान काढलेत, म्हणजे राणीला सगळं दिसतं, ऐकू येतं. वय ६७ च्या आसपास आणि चेहरा विशीतल्या पोरीचा! चेहऱ्याचा एक ठरलेला नमुना असायचा, चित्रकार त्यावरूनच काढायचे. १५९६ मध्ये तर बेढब चित्रं शोधून नष्ट करा असा मंत्रिमंडळाचा आदेश निघाला. निकोलस हिलियार्ड नावाचा चित्रकार सांगतो की ती त्याच्यासमोर बसली ती बागेतल्या मोकळ्या वाटेवर, जिथे ना झाड ना सावली. तोंडावर सावली पडायला नको, बास.

प्रत्यक्षात कशी दिसायची? शिशाच्या मेकअपने मेली का?

पांढऱ्या शिशाचा लेप त्या काळी वापरात होता, पण तिच्या मरणाला तोच कारण असा पुरावा नाही. म्हातारपणाचं वर्णन मात्र आहे. १५९७ मध्ये फ्रेंच वकील द मेस लिहितो, चेहरा लांबट, लाल टोप, डाव्या बाजूचे बरेच दात पडलेले, भरभर बोलली की कळत नाही, पण चालणं-वागणं डौलदार. पुढच्या वर्षी हेंट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशाला दात काळे दिसले, तो म्हणतो इंग्रज साखर फार खातात.

सप्टेंबर १५९९ मध्ये एसेक्सचा अर्ल (लेटिसचाच मुलगा, बघा कसं फिरून येतं) आयर्लंडहून न विचारता आला आणि चिखलाच्या पायांनी सरळ नॉनसच वाड्यात तिच्या झोपायच्या खोलीत घुसला. ती नुकती उठलेली, केस तोंडावर आलेले, कसला साज नाही. ती शांतपणे बोलली त्याच्याशी. फेब्रुवारी १६०१ मध्ये त्याचं डोकं उडालं, अर्थात बंड केलं म्हणून, केस बघितले म्हणून नाही.

स्वतः लग्न केलं नाही म्हणून दुसऱ्यांनाही करू देत नव्हती?

परवानगी विचारली तर बऱ्याच जणींना दिली. न विचारता केलं तर खैर नाही. कॅथरिन ग्रे, राणीच्या सेवेतली बेस थ्रॉकमॉर्टन आणि तिचा नवरा, दरबारी वॉल्टर रॅले, सगळे टॉवरमध्ये. कॅथरिनचं समजू शकतो, ती गादीची वारसदार होती, तिचं लग्न म्हणजे राजकारण. बाकीच्यांच्या बाबतीत जळकेपणा होता असं माझं स्पष्ट मत.

टिळबरीचं भाषण खरं का?

"शरीर दुबळ्या बाईचं पण काळीज राजाचं" हेच ना. ऑगस्ट १५८८ मध्ये ती सैन्यासमोर गेली हे नक्की, तोवर इंग्लंडवर चाल करून आलेलं स्पॅनिश आरमार उत्तरेला पांगलंही होतं. आज प्रसिद्ध असलेला मजकूर एका पाद्र्याच्या पत्रातून बऱ्याच वर्षांनी पुढे आला. तरी तिच्या तोंडी शोभतं एकदम. त्या सैन्याचा सेनापती होता डडली, आणि ४ सप्टेंबरला तो वारला. मरायच्या आधी काही दिवस त्याने तिला चिठ्ठी पाठवली होती, तब्येत कशी आहे विचारायला, तिने दिलेलं औषध चालू आहे कळवायला. त्यावर तिने लिहून ठेवलं "त्याचं शेवटचं पत्र" आणि ते १५ वर्षं जवळच्या पेटीत राहिलं.

आपल्याकडचा काही संबंध?

ईस्ट इंडिया कंपनीची सनद तिनेच दिली, ३१ डिसेंबर १६००, हे शाळेत शिकलोच. अहमदनगर लढवणारी चांदबिबी तिच्याच काळातली, पण ती विधवा आणि लहान वारसाच्या नावाने कारभार बघणारी, त्यामुळे लग्नाचा प्रश्न तिथे नाही.

खरा मजेशीर धागा गोव्याचा. तिच्या दरबारात थॉमस पाउंड नावाचा एक छान नाचणारा तरुण होता. असं सांगतात की राणीने पुन्हा नाच म्हणून फर्मावलं, हा गिरकी घेताना आपटला, आणि राणी त्याला लाथेने ढोसून म्हणाली "उठा, बैलोबा". तो दरबार सोडून कट्टर कॅथलिक झाला आणि आयुष्याची ३० च्या आसपास वर्षं तिच्या तुरुंगांत काढली. त्याच्याबरोबर रोमला जायचं ठरवलेला मित्र एकटाच निसटला, आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारा! १५८३ मध्ये न्यूबेरी आणि फिच हे व्यापारी राणीचं अकबराला लिहिलेलं पत्र घेऊन निघाले, पोर्तुगीजांनी पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकलं, तर त्यांना सोडवायला धावला तोही स्टीफन्सच. ज्या राणीच्या राज्यात त्याला राहता येत नव्हतं तिचीच माणसं.

लंडनला चाललोय, काय काय बघू?

राज्याभिषेकाचं मोकळ्या केसांचं चित्र आणि इंग्लंडच्या नकाशावर उभी असलेलं डिचली चित्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचं. आरमाराचं चित्र ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसचं. इंद्रधनुष्याचं हॅटफिल्ड हाउसला, ते लंडनच्या बाहेर, ट्रेनने जाता येतं. चाळणीचं एक इटलीत सिएनाला आहे त्यामुळे ते राहू द्या. वेस्टमिन्स्टर ॲबीला तिकीट महाग आहे पण जा, तिचं थडगं तिथे आहे, आणि त्याच थडग्यात खाली बहीण मेरी आहे, जिने तिला टॉवरमध्ये टाकलं होतं. वर पुतळा मात्र एकटीचाच.